ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात, छोट्या जहाजातून

जलपर्यटन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तरंगते पंचतारांकित हॉटेल उभे राहते. बारा-पंधरा मजले, तीन-चार हजार प्रवासी, पोहण्याचे तलाव, रात्रीची नाचगाणी आणि दर सकाळी नवे बंदर. या प्रकाराशी नावाखेरीज फारसे साम्य नसलेले आणखी एक जलपर्यटन गेल्या काही दशकांत जगभर रुजले आहे. त्याला ‘मोहीम-सफर’ म्हणता येईल. येथे जहाज लहान असते. बहुधा शंभर-सव्वाशे प्रवाशांचे, कधी जेमतेम बारा जणांचे शिडाचे गलबतही. बंदर म्हणावे असे वाटेत काही लागत नाही. कार्यक्रमपत्रिका छापलेली असते, पण बर्फ, धुके आणि वारा रोज सकाळी ती नव्याने लिहायला लावतात. करमणूक म्हणाल, तर डेकवर कुडकुडत उभे राहून दुर्बिणीतून क्षितिज न्याहाळत राहणे ही मुख्य करमणूक. एवढे करून समोरच्या बर्फावर दिसलेला पिवळसर ठिपका हलला, तर ते पांढरे अस्वल; नाही हलला, तर ते जुने बर्फ!

उत्तर गोलार्धात अशा सफरींचे एक प्रमुख केंद्र म्हणजे नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड हा द्वीपसमूह. उत्तर अक्षांश ७४ ते ८१ यांच्या दरम्यान पसरलेल्या या बेटांचे एकूण क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक-पंचमांश भरेल. त्यातील निम्म्याहून अधिक भूमी हिमनद्यांखाली आहे. कायम वस्ती अडीच हजारांच्या आसपास, आणि तीही बहुतेक लाँगइयरबायेन या एकाच गावात. हे गाव ७८ अंशांवर आहे; तेथून उत्तर ध्रुव सुमारे १,३०० किलोमीटर. इतक्या उत्तरेला ग्रीनलंडचा किनारा वर्षाचा बराच काळ बर्फाने जखडलेला असतो. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र उन्हाळ्यात जहाजे सहज येऊ-जाऊ शकतात. याचे श्रेय अटलांटिकमधून वर चढत येणाऱ्या कोमट प्रवाहाच्या अखेरच्या फाट्याला द्यावे लागते. तो स्पिट्सबर्गन या मुख्य बेटाच्या पश्चिम अंगाला चाटून जातो. पूर्वेकडे ध्रुवीय समुद्रातून थंड पाणी आणि तरंगते बर्फ खाली येते. त्यामुळे एकाच आठवड्याच्या सफरीत पश्चिमेला फुललेली रानफुले आणि पूर्वेला जहाज अडवणारा बर्फ असे दोन्ही अनुभवता येते.

या बेटांचा लिखित इतिहास सुरू होतो तो १५९६ मध्ये. डच दर्यावर्दी विलेम बॅरेंट्स चीनकडे जाणारा उत्तरेचा मार्ग शोधत येथे पोचला आणि टोकदार डोंगर पाहून त्याने ‘स्पिट्सबर्गन’ हे नाव दिले. पाठोपाठ देवमाशांचे शिकारी आले. वायव्य कोपऱ्यातील एका लहान बेटावर डचांनी चरबी कढवण्याच्या भट्ट्या मांडल्या. त्या वस्तीचे स्मेरेनबर्ग हे नावच ‘चरबीचे गाव’ अशा अर्थाचे आहे. त्या भट्ट्यांचे, दगडासारखे घट्ट झालेल्या चरबीचे अवशेष आजही किनाऱ्यावर दिसतात. ज्या बोहेड देवमाशावर हे गाव जगले, तो मासा मात्र या पाण्यातून जवळजवळ नाहीसा झाला. देवमाशांनंतर पाळी वॉलरसची, मग कोल्ह्यांची आणि अस्वलांची. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पाळी आली कोळशाची. १९०६ मध्ये जॉन मनरो लाँगइयर या अमेरिकी उद्योजकाच्या कंपनीने खाण काढली आणि गावाला त्याचे नाव मिळाले. १९२० मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या कराराने बेटांचे सार्वभौमत्व नॉर्वेला दिले; मात्र करारात सहभागी सर्व देशांच्या नागरिकांना तेथे राहण्याचा व व्यवसाय करण्याचा समान हक्क ठेवला. ब्रिटिश साम्राज्याचा घटक म्हणून भारताचेही नाव त्या करारात आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. लाँगइयरबायेनची अखेरची नॉर्वेजियन कोळसा खाण २०२५ च्या जूनअखेर बंद झाली. म्हणजे पर्यटन हा आता या गावासाठी जोडधंदा राहिलेला नाही. संशोधन आणि शिक्षण यांच्याबरोबरीने तोच पोटापाण्याचा आधार आहे. पुढे ज्या नियमांची चर्चा यायची आहे, ती वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

लहान जहाजच का, हा प्रश्न साहजिक आहे. या प्रकारच्या पर्यटनाचा पाया घातला तो लार्स-एरिक लिंडब्लाड या स्वीडिश-अमेरिकी व्यावसायिकाने. १९६६ मध्ये त्याने सामान्य प्रवाशांना अंटार्क्टिकाला नेले, आणि १९६९ मध्ये खास याच कामासाठी ‘लिंडब्लाड एक्सप्लोरर’ हे छोटे, बर्फाला तोंड देऊ शकणारे जहाज बांधून घेतले. (हेच जहाज पुढे मालक बदलत राहिले आणि २००७ मध्ये अंटार्क्टिकाजवळ बर्फावर आदळून बुडाले, माणसे सगळी वाचली.) सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर अनेक रशियन संशोधन-जहाजे भाड्याने उपलब्ध झाली आणि ध्रुवीय सफरींचा व्यवसाय वाढला. आता तर या कामासाठी नव्याने बांधलेली, आतून अतिशय सुखसोयींची जहाजे आली आहेत.

लहानपणाचे फायदे तीन-चार आहेत. अरुंद खाड्यांत शिरता येते. सगळ्या प्रवाशांना एका वेळी किनाऱ्यावर उतरवता येते. आणि संकट आलेच, तर सुटका करावयाच्या माणसांची संख्या आवाक्यात राहते. शेवटचा मुद्दा तात्त्विक नाही. १९८९ च्या जूनमध्ये ‘माक्सिम गोर्की’ हे सोव्हिएत प्रवासी जहाज सुमारे साडेनऊशे माणसे घेऊन स्वालबार्डच्या पश्चिमेला धुक्यात बर्फावर आदळले. ‘सेन्या’ हे नॉर्वेच्या तटरक्षक दलाचे जहाज काही तासांत तेथे पोचले तेव्हा प्रवासी जीवरक्षक होड्यांत आणि चक्क हिमतुकड्यांवर बसलेले होते. समुद्र शांत होता म्हणून एकही जीव गेला नाही. २०१७ पासून ध्रुवीय समुद्रांत जाणाऱ्या जहाजांना आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची ‘ध्रुवीय संहिता’ लागू आहे. सांगाडा किती मजबूत असावा, जीवरक्षक होड्या कशा असाव्यात, खलाशांना प्रशिक्षण कोणते असावे, हे सारे तीत सांगितले आहे. तरीही २०२३ च्या सप्टेंबरमध्ये ईशान्य ग्रीनलंडच्या एका फ्योर्डमध्ये २०६ माणसांना घेऊन निघालेले एक आधुनिक जहाज गाळात रुतले, आणि ग्रीनलंडच्या एका मत्स्य-संशोधन जहाजाने भरतीचा फायदा घेऊन ओढून काढेपर्यंत तीन दिवस तेथेच राहिले. जवळचे मदतीचे ठिकाण शेकडो किलोमीटरवर असणे म्हणजे काय, हे अशा वेळी कळते.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते पाहू. दिवस हा शब्दही येथे सैल अर्थाने घ्यावा लागतो. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यानंतरपर्यंत सूर्य मावळतच नाही. जेवणाच्या घंटेवरून सकाळ-संध्याकाळ ओळखायची. आदल्या रात्री मोहीमप्रमुख बर्फाचा उपग्रह-नकाशा दाखवून बेत सांगतो. सकाळी जहाज नांगर टाकते आणि ‘झोडियाक’ नावाच्या दणकट रबरी होड्या क्रेनने पाण्यात सोडल्या जातात. एका होडीत साधारण दहा माणसे. चढताना-उतरताना खलाशाचा हात पंजाने धरायचा नसतो. एकमेकांचे मनगट घट्ट पकडायचे असते, म्हणजे एकाची पकड सुटली तरी दुसऱ्याची राहते. किनाऱ्याला धक्का नसल्याने गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. म्हणून रबरी बूट सगळ्यांना सक्तीचे. बुटांचे तळ निघताना आणि परतताना घासून, जंतुनाशकात बुडवून घेतात. परक्या गवताचे बी किंवा रोगाचा जंतू बेटावर जाऊ नये, हा हेतू. ही काळजी उगाच नाही. २०२३ मध्ये याच बेटांवर मेलेल्या एका वॉलरसमध्ये बर्डफ्लूचा विषाणू सापडला होता.

प्रवासी उतरण्याआधी वाटाडे उतरतात. त्यांच्या खांद्यावर रायफल असते आणि कमरेला अस्वलाला बुजवण्यासाठी प्रकाश व आवाज करणारे पिस्तूल. ते आसपासचे उंचवटे चढून चारी बाजू पाहतात, मग मोक्याच्या जागा धरून उभे राहतात आणि त्यांनी आखलेल्या अदृश्य कुंपणाच्या आतच सगळ्यांनी फिरायचे. अस्वल दिसले, तर उतरणेच रद्द. अस्वल पाहण्यासाठी लाखो रुपये मोजून आलेल्या माणसाला अस्वल दिसल्यामुळे जमिनीवर पाऊल टाकता येऊ नये, यातला विरोधाभास सहप्रवाशांच्या चेहऱ्यांवर वाचता येतो.

जमिनीवर उतरल्यावर पहिले काही क्षण काहीच दिसत नाही. झाड नाही, झुडूप नाही. मग पायाखाली पाहिले की ध्यानात येते, आपण अरण्यातच उभे आहोत, फक्त ते बोटभर उंचीचे आहे. आपल्या नदीकाठच्या वाळुंजाच्या कुळातील ध्रुवीय विलो येथे जमिनीला चिकटून वाढतो. त्याची पाने नखाएवढी. वर येणाऱ्याला वारा कापून काढतो, म्हणून सगळे काही लवून जगते. आखूड पायांचे, गोल अंगाचे स्वालबार्डी रेनडियर याच हिरवळीवर चरतात. माणसाची त्यांना फारशी भीती नाही. १९२५ पासून त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. आर्क्टिक टर्न या पक्ष्याची ओळख मात्र वेगळ्या रीतीने होते. आपल्याकडच्या नदीसुरयाचा हा भाऊबंद दरवर्षी उत्तर ध्रुवीय प्रदेशातून अंटार्क्टिकापर्यंत जाऊन परत येतो. एवढ्याशा जिवाचा स्वभाव भारी तापट. घरट्याच्या जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर तो थेट चोचीने वार करतो. वाटाडे अशा वेळी हातातली काठी डोक्याच्या वर उभी धरायला सांगतात, कारण तो सर्वांत उंच टोकावर हल्ला करतो.

पक्ष्यांचे खरे दर्शन घडते ते हिनलोपेन सामुद्रधुनीतील आल्केफ्येलेट या कड्यावर. काळ्याभोर अग्निजन्य खडकाचे, खांब रचल्यासारखे उभे कडे आणि त्यांच्या प्रत्येक वीतभर कंगोऱ्यावर खांद्याला खांदा लावून बसलेले ब्रुनिचचे गिलेमॉट. सुमारे ६० हजार जोड्या येथे वीण करतात. घरटे नसतेच. उघड्या खडकावर एकच अंडे, तेही एका टोकाला निमुळते. ते लवंडले तर गोल फिरते आणि म्हणून कड्यावरून पडत नाही, असे जुनी पुस्तके सांगत. अलीकडच्या संशोधकांच्या मते या आकारामुळे ते उतरत्या खडकावर मुळातच अधिक स्थिर राहते. पिल्लू तीन आठवड्यांचे झाले, की उडता येत नसतानाही कड्यावरून खाली झेपावते. पाण्यात पडले तर तेथे बाप वाट पाहत असतो. तोच त्याला पोहत खुल्या समुद्राकडे नेतो. जमिनीवर पडले तर तेथे कोल्हा वाट पाहत असतो. जुलैच्या अखेरीस काही दिवस हा प्रकार अव्याहत चालतो. होडीत बसलेल्या माणसाच्या अंगावर विष्ठेचा वर्षाव होतो, कान किटतात, मासळीबाजाराला लाजवील असा वास येतो. आणि तरीही होडी माघारी वळवू नये असे वाटते. पक्ष्यांनी बुजून एकदम उड्डाण केले तर अंडी आणि पिल्ले कड्यावरून ढकलली जातात. म्हणून मोठ्या पक्षीकड्यांजवळ विणीच्या काळात बोटींना वेगाची कडक मर्यादा आहे आणि जहाजाचा भोंगा वाजवण्यास बंदी.

हिमनद्या हे या सफरीचे दुसरे आकर्षण. हिमनदी म्हणजे गोठलेली नदी नव्हे. पाऊस येथे अगदी कमी. पण पडलेला हिम पूर्ण वितळण्याआधी त्याच्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो. असे थर शतकानुशतके साठून स्वतःच्या भाराने घट्ट होतात, आतली हवा दाबली जाते आणि बर्फ बनतो. तो आपल्याच वजनाने उताराकडे सरकू लागला, की हिमनदी झाली. तिचे तोंड समुद्रात असेल, तर तेथे पाण्यातून उभी राहिलेली निळसर भिंत दिसते. निळा रंग येतो तो घट्ट बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो म्हणून. भुसभुशीत हिमात हवेच्या फटी प्रकाश चहूकडे फेकतात, म्हणून तो पांढरा. पाण्यात तरंगणाऱ्या तुकड्यांजवळ होडीचे इंजिन बंद केले, की चुरचुर ऐकू येते. तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तशी. बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे फुटत असतात. ती हवा शेकडो वर्षांपूर्वीची असू शकते.

मग भिंतीचा एखादा भाग कोसळतो. आधी दृश्य दिसते, आवाज नंतर येतो. भिंत एक किलोमीटरवर असेल तर तीन सेकंदांनी. समुद्राचे पाणी आणि हिमनदीच्या पोटातून वाहत आलेले वितळपाणी मिळून भिंतीचा पाया खालून पोखरत असतात आणि आधार गेलेला वरचा भाग तुटतो. त्या धक्क्याने उठणारी लाट होडी उलटवू शकते. कधी पाण्याखालचा तुकडा सुटून अनपेक्षित जागी उसळून वर येतो. २००७ च्या ऑगस्टमध्ये दक्षिण स्पिट्सबर्गनमधील एका हिमनदीच्या फार जवळ गेलेल्या छोट्या जहाजावर बर्फ कोसळून डझनाहून अधिक प्रवासी जखमी झाले होते. आता भिंतीपासून निदान काही शे मीटर दूर राहण्याचा दंडक पाळला जातो. हा दंडक प्रवाशांना नेहमी जाचक वाटतो. भिंतीची उंची मोजण्याचे कोणतेच माप आसपास नसल्याने ती प्रत्यक्षापेक्षा जवळच भासते.

या भिंतींच्या पायथ्याशी जीवसृष्टीची गर्दी असते, हे पाहून अनेकांना आश्चर्य वाटते. तळातून बाहेर पडणारे गोडे वितळपाणी हलके असल्याने उसळून वर येते आणि येताना समुद्रातील सूक्ष्म जीव आणि झिंग्यांसारखे प्राणी पृष्ठभागावर आणून टाकते. गढूळ, तपकिरी पाण्याचा तो पट्टा दिसला, की त्यावर किटीवेक जातीचे कुरव शेकड्यांनी तुटून पडलेले असतात. बेलुगा हे पांढरे देवमासेही येथेच फिरकतात. लांब मिशांचे सील तुटलेल्या हिमखंडांवर निवांत पहुडतात, आणि त्यांच्या शोधात कधीकधी अस्वल. हिमनदी मागे हटून तिचे तोंड जमिनीवर आले, की हे अन्नछत्र बंद होते.

नॉर्दाउस्टलांडेट बेटावरील आउस्टफोना या हिमटोपीची समुद्रात उतरणारी भिंत तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. तिच्यावरून उन्हाळ्यात वितळपाण्याचे धबधबे थेट समुद्रात कोसळतात. तिचाच एक फाटा असलेली ब्रोसव्हेलब्रेन १९३६ ते १९३८ या काळात एकाएकी सुमारे २० किलोमीटर पुढे धावली होती. दशकानुदशके सुस्त राहून मग अचानक धावणे, हा स्वालबार्डच्या अनेक हिमनद्यांचा स्वभाव आहे. त्यामुळे एखादी हिमनदी पुढे सरकली म्हणून हवामान थंडावले असे होत नाही, आणि एखादी मागे हटली एवढ्यावरून तापमानवाढही सिद्ध होत नाही. हिशेब सगळ्यांचा मिळून करावा लागतो. तो हिशेब स्पष्ट आहे. २०२४ च्या असाधारण उष्ण उन्हाळ्यात स्वालबार्डने आपल्या एकूण बर्फाचा सुमारे एक टक्का गमावला, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. एका उन्हाळ्यात एक टक्का! १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे, आणि स्वालबार्ड त्यातही आघाडीवर आहे. २५ जुलै २०२० रोजी लाँगइयरबायेनच्या विमानतळावर पारा २१.७ अंशांवर गेला होता.

जहाजाच्या कप्तानांना याची प्रचीती फार व्यावहारिक रीतीने येते. सागरी नकाशे ज्या काळी काढले गेले, तेव्हाची हिमनदीची कड आता कित्येक ठिकाणी काही किलोमीटर मागे सरली आहे. मोकळ्या झालेल्या पाण्याची खोली कुणी मोजलेली नाही. पडद्यावरच्या नकाशात जहाज हिमनदीच्या पोटात शिरलेले दिसते आणि खिडकीबाहेर पाणी असते. अशा वेळी शहाणे कप्तान तळ मोजणारे यंत्र लावून एक झोडियाक पुढे पाठवतात, किंवा सरळ परत फिरतात.

वॉलरसची गोष्ट थोडी दिलासा देणारी आहे. साडेतीनशे वर्षे सुळ्यांसाठी, चरबीसाठी आणि कातड्यासाठी त्यांची कत्तल झाली. १९५२ मध्ये शिकारीवर बंदी आली, तेव्हा या बेटांवर ते अगदी मोजके उरले होते. आज विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे त्यांची संख्या काही हजार भरते. वाळूच्या किनाऱ्यावर ते एकमेकांवर रेलून, ढेकर देत, सुळ्यांनी शेजाऱ्याला ढोसत पडलेले असतात. एवढे मोठे धूड समुद्रतळावरचे शिंपले मिशांनी चाचपून शोधते आणि ओठांनी आतला मांसल भाग शोषून घेते. संरक्षण दिले की प्राणी परततात, याचा इतका सरळ पुरावा क्वचित मिळतो. अर्थात बंदुकीपासून संरक्षण देणे कायद्याच्या हाती असते.

अस्वलांच्या बाबतीत गुंता अधिक आहे. १९७३ पासून येथे त्यांची शिकार बंद आहे. त्याच वर्षी पाच ध्रुवीय देशांनी ओस्लोमध्ये अस्वल-संरक्षणाचा करारही केला. बॅरेंट्स समुद्राच्या संपूर्ण परिसरात २००४ च्या पाहणीनुसार सुमारे २,६५० अस्वले होती. त्यांपैकी वर्षभर स्वालबार्डमध्येच राहणारी सुमारे तीनशे. ‘स्वालबार्डमध्ये माणसांपेक्षा अस्वले जास्त’ हे पर्यटन-पुस्तिकांतले लाडके वाक्य त्यामुळे जरा जपूनच घ्यावे. अस्वलाचे मुख्य अन्न सील, आणि सील पकडायला त्याला बर्फाची जमीन लागते. सीलच्या श्वास घेण्याच्या भोकाशी ते तासन्‌तास दबा धरून बसते. बर्फ लवकर फुटला, की बरीच अस्वले किनाऱ्यावर अडकतात. मग ती पक्ष्यांची अंडी खातात, वाहून आलेल्या देवमाशाच्या मढ्यावर जमतात. २०२० मध्ये दक्षिणेकडील होर्नसुंड येथे पोलंडच्या संशोधकांनी एका अस्वलिणीला रेनडियरचा पाठलाग करून, त्याला समुद्रात गाठून मारताना चित्रित केले. नॉर्वेच्या संशोधकांनी गेली अनेक वर्षे पकडून मोजलेल्या स्वालबार्डी अस्वलांच्या अंगावरची चरबी बर्फ घटूनही कमी झालेली आढळलेली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. दुसरीकडे, आग्नेयेकडील होपेन बेटाभोवती शरद ऋतूत समुद्र उशिरा गोठला, की त्या हिवाळ्यात तेथे माद्यांची विणीची बिळे कमी आढळतात. गर्भार मादीला तेथवर पोचायला बर्फाचा पूलच उरत नाही. हाडकुळ्या अस्वलाचे एक छायाचित्र पाहून निष्कर्ष काढणे सोपे असते; विज्ञान तितके सोपे नाही.

या सफरींचा सर्वांत अवघड प्रश्न २०१८ च्या जुलैमध्ये उभा राहिला. ८० अंशांच्याही उत्तरेस असलेल्या ‘सात बेटां’पैकी एकावर प्रवासी उतरण्यापूर्वी पाहणीसाठी गेलेल्या पहारेकऱ्यावर अस्वलाने झडप घातली. त्याच्या डोक्याला जखमा झाल्या. सोबत्यांनी अस्वलाला गोळ्या घालून ठार केले. किनाऱ्यावर पडलेल्या त्या अस्वलाचे छायाचित्र जगभर गेले. लोकांचा सवाल एकच होता: हौस भागवायला त्याच्या घरी तुम्ही गेलात, मग मेले ते का? पहारेकऱ्याने त्या क्षणी दुसरे काय करायचे होते, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. पण तेथे जायचेच कशाला, हा प्रश्न त्यानंतर मागे पडला नाही.

नॉर्वे सरकारने १ जानेवारी २०२५ पासून लागू केलेले नवे नियम याच पार्श्वभूमीवर पाहावे लागतात. अस्वलापासून निदान ३०० मीटर अंतर राखायचे. मार्च ते जून या काळात, पिल्ले लहान असताना आणि अस्वले शिकारीत गुंतलेली असताना, ५०० मीटर. संरक्षित क्षेत्रांत एका जहाजावर २०० हून अधिक प्रवासी नकोत. पूर्वी ही मर्यादा पूर्वेकडील राखीव भागांपुरती होती. याच क्षेत्रांत आता ठरावीक ४३ जागीच प्रवासी उतरवता येतात. किनाऱ्याला चिकटलेला अखंड बर्फ जहाजाने फोडत जाण्यासही मनाई आहे. जड इंधनतेल २०२२ पासून स्वालबार्डच्या सर्व प्रादेशिक पाण्यात वर्ज्य ठरले. गळती झाली तर थंड पाण्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहते.

सफरी चालवणाऱ्या कंपन्यांना हे सारे मान्य झालेले नाही. त्यांची ‘एको’ ही संघटना २००३ पासून स्वतःची आचारसंहिता चालवत आली आहे. तिचा युक्तिवाद असा, की थोड्या जागा खुल्या ठेवल्या तर सगळी गर्दी त्याच जागांवर लोटेल, आणि बर्फ व वाऱ्यानुसार जागा बदलण्याची जी लवचीकता सुरक्षिततेसाठी लागते तीच हरवेल. यात तथ्य नाही असे नाही. पण तीनशे मीटरवरून अस्वल नीट दिसत नाही म्हणून नियम सैल करा, ही तक्रार मात्र पटत नाही. चांगल्या दुर्बिणीतून ते पुरेसे दिसते. जहाजाकडे लक्ष न देता आपल्या वाटेने चालत गेलेले अस्वल पाहणे आणि जहाजामुळे शिकार सोडून उठलेले अस्वल पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतक्या लांबून विमानाने, मग जहाजाने जाऊन वितळता बर्फ पाहण्यात जळणारे इंधन त्याच बर्फाच्या खात्यावर पडते, हा आक्षेपही उरतोच. लहान जहाजात हा खर्च थोड्या प्रवाशांत विभागला जातो, म्हणून माणशी तो काही कमी नसतो. जहाजावरील व्याख्यानांत हा विषय निघतो तेव्हा सभागृहात जरा शांतता पसरते.

बहुतेक सफरींत एक अर्धा दिवस नी-ऑलेसुंड या वसाहतीसाठी राखलेला असतो. येथूनच १९२६ मध्ये रोआल्ड आमुंडसेन, उंबेर्तो नोबिले आणि लिंकन एल्सवर्थ ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून ध्रुवावरून अलास्काला गेले. ते बांधून ठेवण्याचा लोखंडी मनोरा अजून उभा आहे. १९६२ मध्ये खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले आणि येथील कोळसा कायमचा थांबला. आता हे विविध देशांच्या संशोधकांचे गाव आहे. भारताचे ‘हिमाद्री’ हे केंद्र १ जुलै २००८ रोजी येथे सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यात वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. २०१४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी येथील कोंग्सफ्योर्डमध्ये पाण्याचे तापमान, क्षारता व प्रवाह सतत मोजणारी वेधशाळा पाण्याखाली बसवली. २०२३ च्या डिसेंबरपासून तर ध्रुवीय रात्रीच्या काळोखातही भारतीय पथके तेथे राहू लागली. अटलांटिकचे कोमट पाणी फ्योर्डमध्ये किती शिरते, आणि आर्क्टिकमधील बदलांचा आपल्या मोसमी पावसाशी काही धागा जुळतो का, हे त्यांच्या कुतूहलाचे विषय आहेत. या गावात पाऊल टाकण्यापूर्वी प्रवाशांना मोबाइलमधील वायफाय आणि ब्लूटूथ बंद करावे लागतात. दूरच्या तारकास्रोतांचे क्षीण रेडिओ-संकेत टिपून पृथ्वीच्या हालचाली मोजणाऱ्या अँटेना येथे आहेत. त्यांना खिशातल्या फोनचाही अडथळा होतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी व्यवहाराची माहिती. स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा नाही, पण तो शेंगेन क्षेत्राबाहेर आहे, आणि विमान बदलते ते ओस्लो किंवा ट्रॉम्सो येथे, म्हणजे शेंगेनच्या आत. परतताना पुन्हा आत यावे लागते. म्हणून भारतीय पारपत्रधारकाने दोन वा अधिक प्रवेशांचा शेंगेन व्हिसाच घ्यावा. एका प्रवेशाच्या व्हिसावर जाणारा अडकतो. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आणि तेथून मुख्य भूमीपर्यंत नेण्याचा खर्च स्पष्ट लिहिलेला असावा. खर्च माणशी कित्येक लाख रुपये येतो आणि चांगल्या जहाजांची नोंदणी वर्षभर आधी भरते. मे-जूनमध्ये डोंगर पांढरे असतात, बर्फ भरपूर आणि फिरण्याच्या जागा थोड्या. जुलै-ऑगस्टमध्ये पक्षी, फुले, देवमासे, आणि बर्फाने वाट दिली तर संपूर्ण स्पिट्सबर्गनला प्रदक्षिणा. सप्टेंबरमध्ये सूर्य पुन्हा मावळू लागतो. प्रकाश छायाचित्रकारांना आवडेल असा, पण पक्षी कड्यांवरून निघून गेलेले असतात. जुलैतही तापमान पाच-सात अंशांच्या आसपास राहते. होडीवर वारा लागल्यावर ते शून्याखाली असल्यासारखे वाटते. एका जाड कोटाऐवजी लोकरीचे पातळ थर आणि त्यांवर वारा-पाणी अडवणारे कवच घालावे, हातमोज्यांचे दोन जोड न्यावेत. शाकाहारी जेवण हवे असल्यास नोंदणीच्या वेळीच लेखी कळवावे. जहाज निघाल्यावर वाटेत भाजी मिळण्याची सोय नाही.